पुलोबाचे वडील

आमच्या ऑफिसवर मोर्चे पुष्कळ आले. काळे झेंडे घेऊन आले, बैलगाड्या घेऊन आले, एकदा रिकामे हंडे बडवत बायका आल्या. पण मीठ-मिरच्या घेऊन साहेबांची दृष्ट काढायला आलेला मोर्चा मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचा पुढारी माझा घरमालक होता. मिरच्याही आमच्याच अंगणात वाळत घातलेल्या. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत त्या पिशवीत भरल्या गेल्या, तेव्हा मला वाटलं, कांडपाला चालल्या असतील.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. दौंड तालुक्यात, रस्ते आणि पूल बघणाऱ्या एका लहानशा सरकारी ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो होतो. खोली मिळाली भीमेच्या काठच्या एका गावात. घरमालकांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागलो. भीमा तिथं दोन तालुक्यांच्या मधून वाहते. अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. पलीकडचं गाव आमच्या अंगणातून दिसायचं, तिथली कुत्री भुंकली की आमची कुत्री उत्तर द्यायची, पण माणसाला जायचं तर होडी. पावसाळ्यात किंवा वरच्या धरणातून पाणी सोडलं की होडी बंद. मग केडगावला या, गाड्या बदलत बदलत लांबच्या पुलावरून वळसा घाला, आणि पोचेपर्यंत दिवस मावळलेला.

पूल तसा दोन्ही गावांना हवा होता, पण गावांना तो निवडणूक आली की हवा असायचा. आप्पांना रोज हवा असायचा. त्यांची एकुलती एक लेक, कुसुम, पलीकडच्या गावात दिलेली होती. नवरा रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टवर, सासू तोंडाची फटकळ. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कुसुमला मूल नव्हतं, आणि सासू तिला ते विसरू देत नव्हती. त्यात त्या भागातला रिवाज असा, की लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. आप्पा उन्हाळ्यात होडीनं जायचे, लेकीच्या ओसरीवर घटकाभर टेकायचे आणि कोरड्या घशानं परत यायचे.

"म्या जाऊन काय उपेग?" ते म्हणायचे. "तिनं यायला पायजे. मनात आलं की उठून. त्याला पूल लागतोय."

त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचो. काकींना हे पटत नसे. "आख्ख्या सरकारला वाकवाया निघालाय," त्या चुलीपुढून म्हणायच्या, "आन् ह्यो एक रिवाज वाकत न्हाई व्हय तुमच्यानं?" यावर आप्पा तंबाखूची डबी काढायचे.

या डबीविषयी सांगितलंच पाहिजे. तिच्या एका कप्प्यात तंबाखू असायची आणि दुसऱ्यात, जिथं इतर लोक चुना ठेवतात तिथं, भंडारा. म्हणजे देवाची हळद. त्यामुळे आप्पांचा विडा पिवळा, बोटं पिवळी आणि ज्याच्याशी ते बोलतील त्याचं कपाळही पिवळं. बोलणं महत्त्वाचं वाटलं की ते समोरच्याला भंडारा लावत. साहेबांना लावला, कंडक्टरला लावला, पोस्टमनला तर रोजच लावत. माझ्या पांढऱ्या शर्टांची त्यांनी जी दशा केली, ती पाहून माझ्या आईनं पुण्यात विचारलं, की तू नक्की नोकरीच करतोस ना?

आप्पांचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आप्पांच्या वाट्याला थोडी जमीन आणि चार शेरडं आली, पण चाल मेंढक्याचीच राहिली. मोर्चा निघाला की ते सगळ्यांत मागं चालायचे. पुढाऱ्यानं पुढं असावं असं मी त्यांना एकदा सुचवलं. कॉलेजात असताना मी दोन-तीन मोर्चांत घोषणा दिलेल्या होत्या, त्यामुळे या विषयात मला गती आहे असा माझा समज होता.

"पुढं राहून काय करू?" आप्पा म्हणाले. "मागच्या मागं कोण घरला पळालं, ते मला कसं कळंल?"

त्यामुळे पेपरात मोर्चाचा फोटो आला तरी त्यात आप्पा कधी नसत. कडेला कुठंतरी काठीचं टोक दिसे.

सुरुवातीला त्यांनी रीतसर धरणंही धरून पाहिलं होतं. ऑफिससमोरच्या लिंबाखाली एकटेच बसले. पोलिस आला आणि परवानगी कुठंय म्हणाला. आप्पांनी विचार केला आणि दुसऱ्या सोमवारी त्याच जागी पाट मांडून पूजेला बसले. तोच पोलिस आला, टोपी काढून प्रसाद घेऊन गेला. आप्पांना आंदोलनाची किल्ली तिथं सापडली. "धरण्याला परवानगी लागती, पूजेला लागत न्हाई," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की अजून एखादं धरणं दिसलं तर माझी नजर आधी पाट शोधते.

तर त्या दृष्टीचा मोर्चा. पुलाचं काय झालं असं विचारलं की आमचे साहेब "विचाराधीन आहे" म्हणायचे. चांगला माणूस, पण हात उचलून सही करायची म्हटली की त्याच्या खांद्यात काहीतरी व्हायचं. आप्पांनी निदान केलं की साहेबांना कुणाची तरी दृष्ट लागलीय. पंधरा-वीस माणसं घेऊन ते आले, साहेबांना खुर्चीतच बसवून त्यांच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, आणि बाहेर साहेबांच्याच खिडकीखाली शेणी पेटवून त्यात टाकल्या. आता, दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. इथं असा ठसका बसला की आख्खं ऑफिस रुमाल तोंडाला लावून अंगणात आलं. साहेबांच्या डोळ्यांतून धारा. शिपाई तर थेट रस्त्यापलीकडं.

आप्पा विस्तवाकडं बघत उभे राहिले. मग काठी टेकत सगळ्यांना म्हणाले, "ठसका बसला. म्हंजी दृष्ट न्हवती. सायेब मुळातच असा हाय."

त्यानंतर त्यांना ऑफिसच्या आवारात यायला बंदी झाली. मला साहेबांनी खोली बदलायला सुचवलं. मी बदलणार होतो, पण काकींच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा सोडून जाण्याइतकी माझी सरकारनिष्ठा बळकट नव्हती.

बंदी आली म्हणून आप्पा नदीकडं वळले. होडी बांधतात तिथं, काठावरच्या उंचवट्यावर, त्यांनी नदीतला एक गोल धोंडा आणून ठेवला, त्याला शेंदूर फासला आणि नाव ठेवलं पुलोबा. म्हसोबा असतो, बिरोबा असतो, तसा पुलोबा. न झालेल्या पुलाचा देव. आधी लोक पोट धरून हसले. गावातले एक मोठे बागायतदार होते, त्यांचं गुऱ्हाळ जोरात चालायचं, ते तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, आमच्यात पुलाआधी देव येतो." मग कुणाची तरी चुकलेली म्हैस पुलोबाला नारळ बोलल्यावर संध्याकाळी आपोआप घरी आली. वाळूच्या ट्रकवाल्यांनी नारळ फोडायला सुरुवात केली. सहा आसनी रिक्षांवर 'पुलोबा प्रसन्न' आलं. पुढं त्या बागायतदारांच्या सुनेला नवसानं मुलगा झाला आणि त्यांनी देवाला पत्र्याची शेड बांधून दिली. चैत्रात जत्रा भरू लागली. पाळणे, जिलेबी, लाउडस्पीकर. पूल मात्र नाही.

मी एकदा विचारलं, "आप्पा, खरं सांगा, तुमचा या धोंड्यावर विश्वास आहे का?"

"तुमचा हाय का तुमच्या सायबावर?"

मी घड्याळाकडं पाहिलं.

"तरी रोज जाऊन मस्टरवर सही करताच न्हवं? तसंच हाय हे."

कुसुमला हे कळल्यावर तिनंही पलीकडं, आपल्या घरामागच्या टेकाडावर, एक धोंडा मांडला आणि त्याला पुलाई म्हणायला लागली. सासूला वाटलं सून मुलासाठी काही व्रत करतेय, म्हणून तिनं अडवलं नाही. दिवस कलताना अलीकडं आप्पा पुलोबाला पाणी घालायला जायचे आणि पलीकडं कुसुम पुलाईला. दोघांच्याही हातात तांब्या. आधी ती तांब्या डोक्याच्या वर उचलून धरायची, मग आप्पा धरायचे. एवढंच. नंतर दोघं आपापल्या घरी.

आप्पांना लांबचं नीट दिसत नसे. ते मला बरोबर न्यायचे. "आज कुठलं लुगडं हाय?"

"हिरवं."

"तांब्या पुरा वर गेला का खांद्यापतूरच?"

"पुरा वर."

"मंग बरं हाय तिचं," म्हणून ते वळायचे. एखाद्या दिवशी तांब्या खांद्यापर्यंतच आला, तर त्या संध्याकाळी घरात कुणी बोलायचं नाही. मी एक-दोनदा खोटं सांगून पाहिलं, पण ते माझ्या आवाजावरून ओळखायचे.

पूल मंजूर झाला तो वेगळ्याच कारणानं. साखर कारखान्याला पलीकडचा ऊस हवा होता, आणि मग सगळ्या सह्या भराभर झाल्या. हे मला ऑफिसात कळलं होतं, पण गावात सांगायची सोय नव्हती. गावानं पुलोबापुढं ढोल वाजवले, भंडारा इतका उधळला की होडी पिवळी झाली. आप्पा त्या दिवशी दुपारपासूनच तांब्या घेऊन काठावर बसले होते.

मग नवे साहेब आले, दुर्बीण लावून मोजणी झाली, खुंट्या ठोकल्या गेल्या, लाल झेंड्या लागल्या. आणि नकाशावरची रेघ सरळ पुलोबाच्या डोक्यावरून गेली. त्यात नवल काही नव्हतं. आप्पांनी धोंडा मांडला होता तो पूल जिथं व्हायला हवा तिथंच. काठाची उंची, खालचा खडक, सगळं मेंढक्याच्या नजरेनं पारखून. साहेबसुद्धा म्हणाले, याहून चांगली जागा नाही.

"सोपं हाय," आप्पा म्हणाले. "मीच मांडलाय, मीच उचलतो."

ते उचलायला गेले, तर तिथं देवस्थान कमिटी उभी होती. कमिटी कधी स्थापन झाली हे आप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं. अध्यक्ष अर्थातच ते बागायतदार.

"आप्पा, देवाला हात लावायचा न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"आरं, देव कसला? धोंडा हाय त्यो. तूच हसत हुतास की."

"तवा हसलो. आता आमच्या घरात त्याचं लेकरू रांगतंय. तुम्ही मांडला आसंल, पण आता त्यो तुमचा एकट्याचा ऱ्हायला न्हाई."

आणि मग माझ्या नोकरीतला सर्वांत विचित्र दिवस उगवला. आमच्या ऑफिसवर मोर्चा आला, 'पुलोबाच्या जागेवर पूल होऊ देणार नाही!' सगळं आप्पांचंच शिकवलेलं. लिंबाखाली पाट, पाटावर पूजा, पोलिसाला प्रसाद. नव्या साहेबांची दृष्ट काढून मिरच्या जाळल्या आणि आम्ही जुन्या सवयीनं रुमाल काढले. मी सगळ्यांत मागं पाहिलं. काठीचं टोक नव्हतं. आप्पा फाटकाबाहेर रस्त्यावर उकिडवे बसले होते, आपलंच मेंढरू आपल्यालाच ढुशी देऊन गेल्यासारखे.

ठेकेदारानं काम थांबवलं. भांडगावकडून आलेली खडी काठावर तशीच पडून राहिली. साहेब म्हणाले, गावच नको म्हणत असेल तर पैसे दुसऱ्या पुलाला जातील. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आप्पा भाकरी मोडत होते. त्यांनी ती तशीच ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते पुलोबासमोर उपोषणाला बसले. सरकारविरुद्ध उपोषणं खूप झाली असतील, पण स्वतः मांडलेल्या देवाविरुद्ध हे बहुधा पहिलंच. देवापुढचा नैवेद्यही त्यांनी बाजूला सारला. "म्या खात न्हाई, तवा तू बी खायाचं न्हाई. बघू कोण आधी उठतंय." लोकांना हे दोघांचं एकत्र व्रत वाटलं आणि गर्दी वाढली. संध्याकाळी पलीकडं कुसुम आली. तिचा तांब्या खांद्याच्याही खाली राहिला. मी काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मला त्या माणसाची त्या वेळी फार दया आली.

काकी भाकरी घेऊन आल्या. पुलोबाकडं बघत पदरानं वारा घेत म्हणाल्या, "तुमचं राहू द्या. पण ह्या पोराचं तरी बघा. किती वर्सं झाली, बिनलग्नाचं बसवलंय काठावर. समोर पोरगी हाय, रोज बघतीय, आन् बाप ह्यो असा."

आप्पांनी मान वर केली. त्यांनी डबी काढली, चिमूटभर भंडारा घेतला आणि तो काकींच्या कपाळाला लावला. मग ओरडले, "आध्यक्षांना बोलवा!"

अध्यक्ष आले. आप्पांनी विचारलं, "देव लग्नाचा झालाय, हे पटतंय का?"

अध्यक्ष विचारात पडले. देवाच्या लग्नाला नाही कोण म्हणणार? "पटतंय."

"पलीकडची पुलाई एकुलती एक पोरगी हाय. मागं कुणी न्हाई. एकुलत्या पोरीला काय करत्यात?"

"घरजावई आणत्यात," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मंग झालं तर. पोरगं घरजावई जाणार. कुणी त्याला हाकललं न्हाई, सरकारनं हलवलं न्हाई. वाजत-गाजत सासरी गेलं."

"आन् जत्रा?" अध्यक्षांनी खरी अडचण काढली.

"पोरगं सासरी गेलं म्हणून काय मूळ घर मोडतंय? चैत्रात त्याला चार दिस आणायचं. पूल आसंल तवा. पलीकडची माणसं बी येत्याल."

अध्यक्षांनी कमिटीकडं पाहिलं, कमिटीनं जिलेबीवाल्याकडं पाहिलं आणि लग्न ठरलं.

लग्न झालं ते असं. साहेबांना मुलीचे मामा केलं. आढेवेढे घेत होते, पण फेटा बांधल्यावर त्यांचा चेहराच बदलला. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला ढोल दिला. पुलोबाला हळद लावून, मुंडावळ्या बांधून, आप्पांच्या घोंगडीत गुंडाळलं आणि आप्पा त्याला मांडीवर घेऊन होडीत बसले. मी शेजारी, कारण मंगलाष्टका म्हणायला त्यांना शहरी गळा हवा होता. काकी मागच्या होडीत. दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता.

होडी मध्यावर आली तेव्हा आप्पा पाण्याकडं बघून म्हणाले, "एवढा मोठा आंतरपाट कुणी धरला न्हाई आजपतूर." मी मंगलाष्टका म्हणत होतो, तिथं मागचंच कडवं पुन्हा म्हटलं. होडी पलीकडच्या काठाला लागली, साहेबांनी "सावधान" म्हणून आरोळी ठोकली, आणि अक्षतांबरोबर भंडारा असा उडाला की पुलाईची जागा शोधायला घटका गेली.

पंगत कुसुमच्या अंगणात होती. वरपक्षाचे पाय धुतले गेले. आप्पा आणि काकी सवयीनं ओसरीच्या कडेला जाऊन टेकले होते. कुसुम पत्रावळी घेऊन आली आणि त्यांच्यापुढं मांडली.

आप्पा ताडकन उठले. "न्हाई बया. आम्हाला चालत न्हाई. तुला ठावं हाय."

"कुणाला चालत न्हाई?" कुसुमनं विचारलं. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. "माझं आप्पा आज आलंच न्हाईत. आज नवरदेवाचं वडील आल्यात. व्याह्यांना उपाशी धाडलं, तर आमच्या घराला नावं ठेवत्याल लोकं."

सगळ्यांना वाटलं, आता सासू काहीतरी बोलणार. ती बोललीच. भाताचं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "बसा की व्याही. पोरगं आमच्यात दिलंय तुम्ही. इथं कुणी परकं हाय का?"

आप्पांनी काकींकडं पाहिलं. काकी केव्हाच बसल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सरकारी माणूस म्हणून काही नियम काढीन या आशेनं असावं. मी पत्रावळीवरचं मीठ नीट करत राहिलो. आप्पा हळूहळू खाली बसले.

कुसुमनं पाण्याचा तांब्या आणला. तोच, रोजचा. तिनं तो डोक्याच्या वर उचलला, पुरा वर, आणि मग त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो तोंडाला लावला आणि सबंध संपेपर्यंत खाली ठेवला नाही. पाणी दाढीवरून, छातीवरून, पिवळ्या बोटांवरून गळत होतं, आणि त्यात डोळ्यांतलं किती होतं ते कुणी बघत नव्हतं. निदान सगळे तसं दाखवत होते. मग त्यांनी भात कालवला, आमटी ओरपली, आणि एकदम कपाळाला आठ्या घालून, अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, वरबापानं ओरडावं तसे ओरडले, "विहीणबाई! आमटीत मीठ न्हाई तुमच्या!"

कुसुम पदरात तोंड खुपसून हसायला लागली. आत पळाली आणि मीठ घेऊन आली.

आता तिथं पूल आहे. उसाच्या गाड्या जातात, कारखान्याच्या बसेस जातात. आप्पा नाहीत. पुलोबा-पुलाई टेकाडावर शेजारी शेजारी आहेत आणि चैत्रात चार दिवस पुलोबाच्या माहेरी येतात. पुलावरून जाताना मी नेमानं गाडी थांबवतो, आणि दर वेळी मला तीच आमटी आठवते. त्या पंगतीत मी आप्पांच्या शेजारीच बसलो होतो. मीठ अगदी बरोबर होतं.